विषय अमेरिकन, पण वाक्य कुणाचं?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिका १७७६ साली स्वतंत्र झाली. मग तिथलं साहित्य खऱ्या अर्थाने 'अमेरिकन' व्हायला पाऊणशे वर्षं का लागली? हे वेगळेपण ओळखायचं कशावरून, विषयावरून की भाषेवरून? आणि चित्रकलेतही असंच झालं का?" विचारणारी मुलगी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी अमेरिकन साहित्याचा हा पेपर २८ वर्षं शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीच्या ओळी मराठीत आणायच्या खटपटीत गेली आहेत. त्यामुळे उत्तर लांबेल, पण प्रश्न त्याच्या लायकीचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. विषय लवकर अमेरिकन झाला, वाक्य व्हायला वेळ लागला. जंगल, नदी, रेड इंडियन, सरहद्दीवरची वस्ती हे सगळं १८२० च्या आसपासच कादंबरीत आलं होतं. पण ते सांगणारा आवाज लंडनच्या दिवाणखान्यातला होता. तो आवाज बदलला तेव्हा अमेरिकन साहित्य उभं राहिलं, असं मी मानते. चित्रकलेतही जवळजवळ हेच घडलं.

१८२० साली सिडनी स्मिथ या इंग्रज लेखकाने 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये विचारलं होतं, जगाच्या चारही खंडांत अमेरिकन पुस्तक वाचतं कोण? हा टोमणा तिकडच्या लेखकांना वर्षानुवर्षं सलत राहिला. त्याच सुमारास वॉशिंग्टन अर्विंगची रिप व्हॅन विंकलची गोष्ट गाजत होती. पण अर्विंगने ती लिहिली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला बहिणीच्या घरी राहून. कथेचा सांगाडा जर्मन लोककथेचा, भाषा अठराव्या शतकातल्या इंग्रजी निबंधाची. फक्त डोंगर हडसन नदीकाठचे. जेम्स फेनिमोर कूपरने तर पहिली कादंबरी इंग्रजी कौटुंबिक कादंबरीच्या चालीवरच लिहिली. १८२३ मध्ये 'द पायोनियर्स' आलं आणि त्याला स्वतःचा प्रदेश सापडला. नॅटी बंपो हा त्याचा शिकारी नायक आजही मनात राहतो. पण निवेदन वाचायला घेतलं की स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची चाल लगेच कानावर येते.

आता एक कारण सांगते, जे उत्तरपत्रिकेत सहसा कुणी लिहीत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेचा १७९० चा कॉपीराइटचा कायदा फक्त तिथल्या नागरिकांना आणि रहिवाशांना संरक्षण देत होता. परदेशी पुस्तक कुणीही छापावं, लेखकाला छदामही द्यायला नको. साहजिकच स्कॉट आणि पुढे डिकन्स अमेरिकेत मातीमोल भावाने विकले जात. प्रकाशकाला डिकन्स फुकट मिळत असताना तो एखाद्या अनोळखी स्थानिक लेखकाला पैसे कशाला मोजेल? १८४२ मध्ये डिकन्स स्वतः अमेरिकेत येऊन याबद्दल जाहीरपणे बोलला, तरी कायदा बदलायला १८९१ साल उजाडलं. या व्यवस्थेत इंग्रज लेखकाचे पैसे बुडाले, आणि अमेरिकन लेखकाची बाजारपेठच बुडाली. कादंबरीकार हॉथॉर्न सेलमच्या कस्टम हाउसमध्ये नोकरी करत होता. दुसरा कादंबरीकार मेलव्हिल, त्याने न्यूयॉर्कच्या बंदरात कस्टमचा निरीक्षक म्हणून १९ वर्षं काढली. हे नुसते चरित्रातले तपशील म्हणून वाचू नका.

मेलव्हिलच्या 'मोबी डिक'चंच बघा. इंग्लंडमधला हक्क मिळावा म्हणून ते आधी लंडनमध्ये छापलं, ऑक्टोबर १८५१ मध्ये, 'द व्हेल' या नावाने. त्या छपाईत शेवटचा उपसंहार गळाला. जहाज बुडाल्यावर निवेदक वाचतो कसा, हे त्या उपसंहारातच आहे. मग इंग्रज परीक्षकांनी विचारलं, सगळे मेले तर ही गोष्ट सांगतोय कोण? मेलव्हिल १८९१ मध्ये वारला तेव्हा हे पुस्तक जवळपास विस्मरणात गेलं होतं. त्याची थोरवी लोकांना कळली ती १९२० नंतर.

आता १८३७. हार्वर्डमध्ये ३१ ऑगस्टला निबंधकार आणि कवी एमर्सनने 'द अमेरिकन स्कॉलर' हे भाषण दिलं. युरोपच्या दरबारी काव्यदेवतांचं आपण फार काळ ऐकलं, असं तो म्हणाला. या भाषणाला बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणतात ते योग्यच आहे. मला मात्र नेहमी जाणवतं की एमर्सनने हाक दिली, पण त्याच्या स्वतःच्या कविता जुन्या साच्यातच राहिल्या. हाकेला ओ दिली ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यातल्या माणसाने.

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळा प्रश्न या एका पुस्तकाशी येऊन मिळतो. जुलै १८५५. वॉल्ट व्हिटमन, वय ३६. बाराव्या वर्षापासून छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवण्याचं काम शिकलेला. 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' त्याने स्वखर्चाने छापलं, ओळखीच्या रोम बंधूंच्या छापखान्यात, आणि काही पानांचे खिळे स्वतःच्या हातांनी जुळवले. प्रती ७९५. कविता १२, एकीलाही वेगळं शीर्षक नाही. मुखपृष्ठावर किंवा शीर्षकपानावर कवीचं नाव नाही. समोरच्या पानावर फक्त एक चित्र: सदऱ्याचं वरचं बटण उघडं, डोक्यावर हॅट, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. त्या काळी कवीचं चित्र म्हणजे कोट, गळपट्टा, गंभीर चेहरा. हा माणूस कामावरून घरी निघाल्यासारखा उभा आहे. नाव सापडतं ते थेट पहिल्या कवितेच्या आत, बरीच पानं उलटल्यावर. तिथे तो स्वतःला अमेरिकन म्हणतो, दांडगटांतला एक म्हणतो आणि त्याच दमात विश्वही म्हणतो.

त्या पहिल्या कवितेच्या सुरुवातीलाच एक क्रियापद आहे, 'लोफ'. मी उंडारतो आणि माझ्या आत्म्याला बोलावतो, अशा अर्थाची ती ओळ. हा शब्द आपल्याला परका नाही. टपरीवर दिवस काढणाऱ्या पोराला आपण 'लोफर' म्हणतो, तो याच घरातला. १८३० च्या दशकात हा शब्द अमेरिकेत छापील मजकुरात दिसू लागला, म्हणजे व्हिटमनने वापरला तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा, रस्त्यावरचा शब्द होता. इंग्रजी कवितेत आत्म्याच्या शेजारी असा शब्द बसवायची कुणाची छाती नव्हती. आत्मा म्हटलं की प्रार्थना, चिंतन, पश्चात्ताप. व्हिटमन आत्म्याला बोलावतो ते गवताचं पातं बघत रिकामटेकडं पडून राहायला.

मराठीत हे आणताना माझी दमछाक झाली. 'विहरतो' लिहिलं तर ओळ सुंदर होते आणि खोटी होते. 'रेंगाळतो'मध्ये आळस कमी, उशीर जास्त. 'उंडारतो'मध्ये बेफिकिरी आहे, पण हिंडणं येतं, आणि इथे तर माणूस एका जागी रेलून बसलाय. आज माझ्या वहीत 'उंडारतो' आहे, पण अजून समाधान नाही. पण या एका शब्दापाशी मला कळलं की वेगळेपण कशात आहे. संस्कृतप्रचुर मराठीत केलेला माझा पहिला खर्डा अचूक होता आणि त्यात व्हिटमन नव्हता.

त्याची ओळही बघा. ठरलेलं वृत्त नाही, यमक नाही. बायबलच्या इंग्रजी अनुवादातली पुनरुक्ती, सभेतल्या वक्त्याचा दम, त्याला वेड लावणाऱ्या ऑपेराची लय, हे सगळं त्या लांब ओळीत एकत्र येतं. पहिल्या आवृत्तीत तो मध्येच चार टिंबं टाकतो, श्वास घेतल्यासारखी. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती टिंबं गेली. मी मुलांना नेहमी १८५५ ची प्रत आधी वाचायला सांगते. आयुष्यभर तो या एकाच पुस्तकात भर घालत, बदल करत राहिला. पण पहिल्या प्रतीतला मोकळा श्वास पुढे थोडा आखडतो, असं माझं मत आहे. एमर्सनला ती प्रत मिळाली आणि त्याने लगेच त्या अनोळखी कवीला पत्र लिहून एका थोर कारकिर्दीच्या आरंभी अभिवादन केलं. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या पाठकण्यावर व्हिटमनने ते वाक्य सोनेरी अक्षरांत छापलं.

कवयित्री एमिली डिकिन्सनची गोष्ट याच्या अगदी उलट आणि तितकीच बोलकी. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टच्या घरात बसून तिने जवळजवळ १,८०० कविता लिहिल्या, हयातीत छापल्या गेल्या सुमारे दहा. चर्चमधल्या स्तोत्रांची साधी चाल तिने उचलली आणि आतून मोडली: अर्धवट यमकं, मधेच मोठी अक्षरं, आणि सगळीकडे आडव्या रेघा. १८८६ मध्ये ती गेली. १८९० मध्ये पहिला संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी रेघा काढून स्वल्पविराम घातले, यमकं नीट केली, शीर्षकं दिली. तिच्या कविता तिने लिहिल्या तशा वाचायला वाचकांना १९५५ पर्यंत थांबावं लागलं. तिच्या रेघा ज्यांना चुका वाटल्या त्यांच्या कानात अजून इंग्लंडचं व्याकरण होतं.

थोरोच्या 'वॉल्डन' या पुस्तकाबद्दल दोनच गोष्टी, त्यातली एक आपल्या मुंबईची. ४ जुलै १८४५ ला, म्हणजे स्वातंत्र्यदिनीच, थोरो कॉन्कर्डजवळच्या त्या तळ्याकाठी राहायला गेला. घराचा खर्च त्याने पुस्तकात हिशेबाच्या वहीसारखा मांडलाय: २८ डॉलर साडेबारा सेंट. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात खिळ्यांचा आणि चुन्याचा खर्च लिहिणं हीसुद्धा अमेरिकन वाक्याचीच खूण. दुसरी गोष्ट बर्फाची. हिवाळ्यात मजूर येऊन तळ्याचा बर्फ कापत. बॉस्टनचा बर्फ तेव्हा जहाजांतून हिंदुस्थानापर्यंत जात असे, कलकत्त्याला तो १८३३ मध्ये पोचला होता. थोरो लिहितो की मद्रास, बॉम्बे आणि कलकत्त्याचे घामाघूम रहिवासी माझ्या विहिरीचं पाणी पितात. आणि लगेच पुढे सांगतो की मी सकाळी माझी बुद्धी भगवद्गीतेत न्हाऊ घालतो. ब्राह्मणाचा नोकर आणि थोरो एकाच विहिरीवर पाणी भरायला येतात, अशी कल्पना तो रंगवतो. आपल्या बंदरात उतरणारा बर्फ अमेरिकन गद्याच्या इतक्या मोलाच्या पानात आहे, हे मुंबईच्या वाचकाने विसरू नये.

मग मार्क ट्वेन. 'हकलबरी फिन' लिहायला त्याने १८७६ मध्ये घेतलं आणि १८८३ मध्ये संपवलं. सुरुवातीच्या टिपेत तो गंभीरपणे सांगतो की या पुस्तकात सात बोली आहेत आणि त्या अंदाजाने लिहिलेल्या नाहीत. त्याआधीही अमेरिकन पुस्तकांत बोली होत्या, पण त्या पात्रांच्या तोंडी, अवतरणचिन्हांच्या कुंपणात. निवेदक शुद्ध बोलायचा आणि अडाणी पात्रावर वाचकाबरोबर हसायचा. ट्वेनने कुंपण काढून टाकलं. सगळं पुस्तकच हक नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या अशुद्ध बोलीत आहे, त्यातला सूर्योदयसुद्धा. एकोणिसाव्या प्रकरणात मिसिसिपीवर उजाडतं तेव्हा हक 'काळी होती ती राखाडी झाली' इतक्या साध्या शब्दांत नदी दाखवतो आणि त्या वर्णनापुढे शिकल्यासवरल्या लेखकांची कितीतरी पानं फिकी पडतात. एकतिसाव्या प्रकरणात पळून आलेल्या गुलामाला, जिमला, पकडून देणारं पत्र तो फाडतो आणि म्हणतो, ठीक आहे, मग मी नरकात जाईन. चर्चने शिकवलेली शुद्ध भाषा गुलामगिरीच्या बाजूला आहे, आणि ज्याला क्रियापद नीट चालवता येत नाही तो मुलगा माणुसकीच्या बाजूला. शेवटची प्रकरणं ढासळतात, जिमचं तिथे हसं होतं, हे मी वर्गात लपवत नाही. तरीही हेमिंग्वेने पुढे आधुनिक अमेरिकन साहित्याचा उगम याच पुस्तकात दाखवला, ते मला पटतं.

आता अभ्यासक्रमात अर्ध्या तासात उरकला जाणारा भाग. १८२८ साली नोआ वेबस्टरचा अमेरिकन इंग्रजीचा मोठा शब्दकोश निघाला. स्पेलिंगमधला जादा 'यू' काढणारा हाच. त्याच वर्षी, २१ फेब्रुवारीला, जॉर्जियात न्यू एकोटा इथे चेरोकी या मूळ रहिवासी जमातीचं 'चेरोकी फीनिक्स' हे वृत्तपत्र सुरू झालं, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. चेरोकी मजकूर सिक्वोया या चेरोकी माणसाने स्वतः घडवलेल्या लिपीत होता. वेबस्टरचा कोश 'अमेरिकन साहित्याच्या इतिहासात' येतो, हे वृत्तपत्र तळटीपेत. दोनच वर्षांनी, १८३० मध्ये, तिथल्या मूळ लोकांना हुसकावण्याचा कायदा आला आणि पुढे चेरोकींना त्या भूमीतून हाकलण्यात आलं. अमेरिकन आवाज कुणाचा, हा प्रश्न इथून सुरू करायला हवा.

गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन १८४५ चं, म्हणजे व्हिटमनच्या दहा वर्षं आधीचं. शीर्षकातच 'स्वतः लिहिलेलं' असं आहे, कारण गुलाम असलेला माणूस असं लिहू शकतो यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या गोऱ्या गरीब पोरांना तो पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकायचा. गुलामांच्या गाण्यांवर त्याने लिहिलेली पानं वाचा. ती गाणी आनंदाची असतात असं समजणाऱ्यांना तो सांगतो की गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखी असताना. १९०३ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइसने 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'च्या प्रकरणांच्या माथ्यावर कवितेच्या ओळींखाली याच गाण्यांची स्वरलिपी छापली. त्याआधी १८९३ मध्ये चेक संगीतकार ड्वोरझाकने सांगितलं होतं की या देशाचं पुढचं संगीत काळ्यांच्या सुरावटींवर उभं राहील. १९२६ मध्ये कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूजने ब्लूजची, म्हणजे काळ्यांच्या दुःखाच्या गाण्यांची, चाल कवितेत आणली. व्हिटमन आणि ट्वेन यांनी जे कानाने टिपलं त्यातला मोठा वाटा या काळ्या लोकांचा होता. महाराष्ट्रात हे सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

चित्रकलेकडे येते. स्वातंत्र्याच्या काळातले चांगले अमेरिकन चित्रकार लंडनला जात. बेंजामिन वेस्ट तर १७९२ मध्ये तिथल्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. कूपरच्या जोडीला चित्रकलेत थॉमस कोल आहे. जन्म इंग्लंडमधल्या लँकेशायरचा, तरुणपणी अमेरिकेत आलेला. १८२५ मध्ये हडसनच्या काठाने फिरून काढलेली त्याची चित्रं न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली आणि लोकांना प्रथमच आपला डोंगर चित्राच्या लायकीचा वाटला. त्याचं १८३६ चं 'द ऑक्सबो' मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. डावीकडे वादळ, वीज पडून मोडलेलं झाड, दाट रान. उजवीकडे ऊन, कनेक्टिकट नदीचं गोल वळण, चौकोनी शेतं, धूर. आणि खाली मध्याजवळ, नीट शोधलं तर, हॅट घातलेला इवलासा कोल ईझलपुढे बसून आपल्याकडे वळून बघतोय. विषय पूर्ण अमेरिकन. पण रचनेची चौकट क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराची, सतराव्या शतकातली. आणखी एक गोष्ट मला टोचते. हडसन रिव्हर स्कूलची, म्हणजे कोल आणि त्याच्या वाटेने गेलेल्या चित्रकारांची, रानं बहुतेक रिकामी आहेत, माणूस असलाच तर ठिपक्याएवढा. तीच वर्षं माणसांना त्या रानांतून बाहेर काढण्याची होती. रिकामं रान हा डोळ्यांना सवयीने शिकवलेला देखावा होता.

फ्रेडरिक चर्चने १८५९ मध्ये 'द हार्ट ऑफ द अँडीज' हे एकच चित्र २५ सेंट तिकीट लावून दाखवलं आणि १२,००० हून जास्त लोकांनी ते पाहिलं. भव्यता होती, गर्दी होती. नजर मात्र बदलली ती अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर (१८६१-६५). विन्स्लो होमर मासिकांसाठी युद्धाची चित्रं काढायचा. १८६५ चं त्याचं 'द व्हेटरन इन अ न्यू फील्ड' बघा: गव्हाचं शेत, पाठमोरा माणूस कोयत्याने कापणी करतोय, आभाळाची एक पट्टी. उजव्या कोपऱ्यात तळाशी त्याने काढून टाकलेला सैनिकी कोट. देवदूत नाही, झेंडा नाही, लढाई नाही. सगळं युद्ध त्या कोटात आहे. हे मला हकच्या वाक्यासारखं वाटतं.

टॉमस ईकिन्स पॅरिसमध्ये शिकला, पण परत येऊन त्याने फिलाडेल्फियाची माणसं रंगवली. १८७५ चं 'द ग्रॉस क्लिनिक' म्हणजे आठ फूट उंचीचा शस्त्रक्रियेचा प्रसंग: काळ्या कोटातले डॉक्टर ग्रॉस, हातात चाकू, बोटांवर ताजं रक्त, बाजूला चेहरा झाकून घेतलेली एक बाई. १८७६ च्या, स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात कलादालनाने ते नाकारलं. शेवटी ते लागलं सैन्याच्या नमुना रुग्णालयाच्या विभागात. पुढे १९०८ मध्ये रॉबर्ट हेन्रीच्या गटाने न्यूयॉर्कच्या गल्ल्या, दारूचे गुत्ते, कुस्त्या रंगवल्या. युरोपची नवी चित्रकला अमेरिकेला दाखवणारं १९१३ चं आर्मरी शो हे प्रदर्शन, १९३५ पासून सरकारने चित्रकारांना दिलेला पगार आणि १९४७ मध्ये कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंग ओतणारा पोलॉक, हा पुढचा प्रवास सगळ्या पुस्तकांत आहे.

दोन धागे जिथे खरोखर एकत्र गुंफले जातात ती जागा मात्र कॅम्डेनची, म्हातारपणी व्हिटमन राहायचा त्या न्यू जर्सीतल्या गावाची. १८८७ मध्ये ईकिन्स तिथे म्हाताऱ्या, लकव्याने खिळलेल्या व्हिटमनचं चित्र काढायला जाऊ लागला. पांढरी दाढी, सदऱ्याची लेसची कॉलर, किंचित उघडे ओठ, थकलेला आणि तरी हसू दाबल्यासारखा चेहरा. व्हिटमनच्या कितीतरी मित्रांना ते आवडलं नाही. त्याला स्वतःला आवडलं. असायला हवं ते न बघता जे आहे तेच बघणारा चित्रकार मला एकच भेटला, तो टॉम ईकिन्स, असं तो म्हणाला.

परीक्षेसाठी एक काम सांगते. 'द पायोनियर्स'ची पहिली दोन पानं आणि 'हकलबरी फिन'च्या एकोणिसाव्या प्रकरणाची पहिली दोन पानं पाठोपाठ मोठ्याने वाच, मनात नको. मग 'द ऑक्सबो' आणि होमरचं शेत शेजारी शेजारी ठेवून बघ. 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' त्यानंतर उघड, आणि ती १८५५ ची प्रत असू दे.